क्लास आधी बंद ठेवायला शिकवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

अभियांत्रिकी, बीसीएस, बीसीए, एमसीए अशा कुठल्याही तोंडी परीक्षेत एक प्रश्न हमखास येतो : जावा या प्रोग्रॅमिंग भाषेतला ‘फायनल’ हा शब्द म्हणजे काय? उत्तरही ठरलेले. फायनल व्हेरिएबलची किंमत बदलत नाही, फायनल मेथड (क्लासमधले एखादे काम करणारा कोड) ओव्हरराइड करता, म्हणजे वारसदार क्लासमध्ये नव्याने लिहिता येत नाही, फायनल क्लासपासून (ऑब्जेक्टच्या आराखड्यापासून) इनहेरिट करता, म्हणजे वारसा घेऊन नवा क्लास काढता येत नाही. एवढे म्हटले की गुण मिळतात. हे निर्बंध कुठे घालायचे, का घालायचे आणि घातले नाहीत तर नेमके काय बिघडते, याचा त्या उत्तरात मागमूस नसतो. इनहेरिटन्सला मात्र तासामागून तास दिले जातात. वाहनापासून मोटार, प्राण्यापासून कुत्रा अशी झाडे फळ्यावर वाढत जातात आणि विद्यार्थ्याचा समज होतो की सबक्लास, म्हणजे असे वारसा घेणारे क्लास, जितके जास्त तितकी रचना चांगली.

आमचे म्हणणे याच्या उलट आहे. क्लास मुळात बंद असावा, म्हणजे त्याचा सबक्लास करता येऊ नये, आणि सबक्लास निघतील असा विचार करून बांधलेला क्लासच उघडावा. शिकवण्याचा क्रमही हाच असावा. आपल्या वाचकांत या विषयाचे विद्यार्थी आणि अध्यापक मोठ्या संख्येने आहेत, म्हणून हे पत्र सविस्तर लिहीत आहोत.

बंद क्लास नंतर उघडता येतो. उघडा क्लास नंतर बंद करता येत नाही. जावामध्ये क्लासवरचा फायनल काढला तर तो वापरणाऱ्या कुणाचेही काही मोडत नाही. पण आधी उघड्या असलेल्या क्लासवर फायनल लावला आणि दुसऱ्या कुणी त्याचा सबक्लास करून ठेवला असेल, तर तो जुना सबक्लास पुन्हा कंपाइल न करता (चालवण्याजोग्या रूपात नव्याने न बदलता) चालवला तरी लोड होतानाच कोसळतो. नव्या जेव्हीएमवर (जावाचे प्रोग्रॅम चालवणाऱ्या यंत्रणेवर) ‘इनकम्पॅटिबल क्लास चेंज एरर’ येते, जुन्यावर ‘व्हेरिफाय एरर’. मेथडवर फायनल लावल्यावरही हेच. म्हणजे क्लास उघडा ठेवणे हा निर्णय पुढाऱ्याच्या आश्वासनासारखा मागे घेण्याजोगा नाही. एकदा दिला की तो कायमचा पाळावा लागतो. असा निर्णय भाषेने परस्पर घेऊन टाकावा, हे बरोबर नाही.

जावाने मात्र तेच केले. १९९५ मध्ये ती आली तेव्हापासून क्लास उघडा आणि स्टॅटिक (ऑब्जेक्टशिवाय चालणारी) किंवा प्रायव्हेट (क्लासच्या आतच वापरता येणारी) नसलेली प्रत्येक मेथड ओव्हरराइड करण्याजोगी. बंद करायचे असेल तर तुम्ही आठवणीने फायनल लिहायचे. सी++ मध्ये मेथड व्हर्च्युअल म्हटल्याशिवाय ओव्हरराइड होत नाही, पण क्लास उघडाच. तो सरळ बंद करण्याची सोय २०११ च्या मानकात फायनल हा शब्द आला तेव्हा झाली. सी शार्पने मेथडच्या बाबतीत सी++ चा मार्ग धरला. तिचे मुख्य रचनाकार अँडर्स हेल्सबर्ग यांनी त्याची दोन कारणे दिली होती : वेग आणि आवृत्त्या. त्यांतले दुसरे कारण अधिक महत्त्वाचे, त्याकडे पुढे येतो. कोटलिनची पहिली स्थिर आवृत्ती २०१६ मध्ये आली आणि तिने पारडे पूर्ण फिरवले. तिथे क्लास आणि मेथड दोन्ही आपोआप फायनल. उघडायचे तर ‘ओपन’ लिहा. त्याच वर्षीच्या स्विफ्ट ३ मध्ये ‘पब्लिक’ आणि ‘ओपन’ वेगळे झाले. पब्लिक क्लास बाहेरचे मॉड्यूल (कोडचा वेगळा गठ्ठा) वापरू शकते, पण त्याचा सबक्लास करू शकत नाही. भाषा घडवणारी माणसे बंद बाजूकडे सरकत आहेत आणि आपल्या प्रात्यक्षिक-वह्या अजून उघड्या बाजूला आहेत.

आता प्रत्यक्ष काय बिघडते ते पाहू. बसच्या तिकिटाचे उदाहरण घेतो. हे केवळ शिकवण्यासाठी आहे, कुठल्याही महामंडळाच्या प्रणालीचे वर्णन नाही. ‘भाडे’ नावाच्या बेस क्लासमध्ये (ज्याचे सबक्लास निघतात त्या मूळ क्लासमध्ये) दोन पब्लिक, म्हणजे बाहेरून वापरता येणाऱ्या, मेथड आहेत. ‘रक्कम’ एका प्रवाशाचे भाडे देते. ‘गटरक्कम’ प्रवाशांची यादी घेते आणि प्रत्येकासाठी आतून ‘रक्कम’ला बोलावून बेरीज करते. दुसऱ्या कुणाला प्रत्येक तिकिटावर १ रुपया जादा आकार लावायचा आहे. तो सबक्लास करतो. ‘रक्कम’ ओव्हरराइड करून मूळ उत्तरात १ मिळवतो. ‘गटरक्कम’ही ओव्हरराइड करून मूळ उत्तरात प्रवासीसंख्या मिळवतो. १०० रुपये भाड्याचे १० प्रवासी धरा. अपेक्षित उत्तर १०१०, येते १०२०. कारण बेस क्लासची ‘गटरक्कम’ आतून ज्या ‘रक्कम’ला बोलावते ती सबक्लासची असते, म्हणजे दहा रुपये तिथेच मिळवले गेलेले असतात.

यावर विद्यार्थी सुचवतो तो उपाय म्हणजे ‘गटरक्कम’ ओव्हरराइड करू नये. १०१० येतात, चाचणी हिरवी होते. सहा महिन्यांनी बेस क्लासचा लेखक वेग वाढवण्यासाठी ‘गटरक्कम’ बदलतो. आता ती ‘रक्कम’ला न बोलावता थेट दरपत्रकातून हिशेब करते. बेस क्लासच्या साऱ्या चाचण्या पास होतात, कारण त्याच्या दृष्टीने उत्तर तेच आहे. सबक्लासचे उत्तर मात्र १००० होते. कंपायलर गप्प, त्रुटी नाही, लॉगमध्ये ओळ नाही, फक्त पैसे कमी. कोणती मेथड आतून कोणत्या मेथडला बोलावते हा बेस क्लासचा खासगी मामला असायला हवा होता. क्लास उघडा राहिल्याने तो नकळत जाहीर करार झाला. बेस क्लास ठिसूळ होतो तो असा.

याला दोन इलाज आहेत. एक : पब्लिक मेथडनी एकमेकींना बोलावू नये. सामायिक काम एका प्रायव्हेट मेथडमध्ये काढावे आणि दोघींनी तिला बोलवावे. दुसरा अधिक चांगला : कामाचा सांगाडा फायनल करावा आणि बदलण्याजोगी जागा तेवढी उघडी ठेवावी. आपल्या उदाहरणात ‘देयरक्कम’ ही फायनल मेथड ठेवा. ती आधी मूळ भाडे काढते, मग ‘सवलत’ या प्रोटेक्टेड (सबक्लासला दिसणाऱ्या) ॲबस्ट्रॅक्ट (सबक्लासनेच लिहायच्या) मेथडला विचारते, आलेला आकडा ०पेक्षा कमी किंवा मूळ भाड्यापेक्षा जास्त नाही हे तपासते आणि मगच वजाबाकी करते. सबक्लास फक्त ‘सवलत’ लिहितो. मूळ भाडे १८० असताना कुणी चुकून २७० सवलत दिली तर ती तपासणीत अडकते, कारण तपासणी असलेली मेथड त्याला बदलताच येत नाही. फायनल आणि ॲबस्ट्रॅक्ट एकाच मेथडवर चालत नाहीत हे परीक्षेत विचारतात, पण एकाच क्लासमध्ये शेजारी शेजारी ते किती उपयोगी पडतात हे कुणी विचारत नाही.

कन्स्ट्रक्टरमधला, म्हणजे ऑब्जेक्ट तयार होताना चालणाऱ्या कोडमधला, धोका याहून फसवा आहे. बेस क्लासच्या कन्स्ट्रक्टरने ओव्हरराइड होऊ शकणाऱ्या ‘सवलत’ मेथडला बोलावले आणि सबक्लासमध्ये ‘टक्के’ नावाच्या फील्डला (ऑब्जेक्टमधल्या व्हेरिएबलला) ५० दिले आहेत, असे धरा. जावामध्ये सबक्लासची मेथड चालते, पण तोवर सबक्लासची फील्डे भरलेली नसतात, म्हणून ‘टक्के’ ० दिसतो. फील्ड ऑब्जेक्टचे असेल तर नल, म्हणजे रिकामे. आणि हे वर्गात दाखवताना एक फसगत होते : फील्डवर फायनल लावून ५० हा आकडा जागच्या जागी दिला, तर कंपायलर तो स्थिरांक समजून वापराच्या ठिकाणी थेट ५० लिहून टाकतो, आणि उत्तर बरोबर येते. दोष आहे पण दिसत नाही. सी शार्पमध्ये फील्डला जागीच दिलेली किंमत बेस कन्स्ट्रक्टरच्या आधी बसते, त्यामुळे तिथे ५० दिसतील. सबक्लासच्या कन्स्ट्रक्टरच्या आत दिलेली किंमत मात्र दिसणार नाही. सी++ मध्ये बेस कन्स्ट्रक्टर चालू असताना बेसचीच मेथड बोलावली जाते. तीन भाषा, तीन वर्तने. म्हणून नियम साधा ठेवावा : कन्स्ट्रक्टरमधून बोलावलेली मेथड प्रायव्हेट, स्टॅटिक किंवा फायनल असलीच पाहिजे.

हेल्सबर्ग यांच्या दुसऱ्या कारणाकडे येऊ. तुम्ही एका ग्रंथालयातल्या (लायब्ररीतल्या, म्हणजे इतरांनी लिहिलेल्या तयार कोडच्या संचातल्या) क्लासचा सबक्लास केला आणि त्यात ‘तपास’ नावाची स्वतःची मेथड लिहिली. पुढच्या आवृत्तीत ग्रंथालयाच्या लेखकानेही बेस क्लासमध्ये नेमकी त्याच नावाची, तशाच पॅरामीटरची मेथड घातली. जावामध्ये तुमची मेथड मुकाट्याने ओव्हरराइड बनते आणि ग्रंथालयाचा आतला कोड तुमच्या मेथडला बोलावू लागतो. सी शार्पमध्ये ‘ओव्हरराइड’ लिहिले नसल्याने ती ओव्हरराइड होत नाही, बेसची मेथड झाकली जाते आणि कंपायलर ताकीद देतो. जावातले ‘@ओव्हरराइड’ हे चिन्ह उलट दिशेची चूक पकडते, म्हणजे ओव्हरराइड करायचे होते पण नाव किंवा पॅरामीटर चुकला, ती. नकळत झालेले ओव्हरराइड ते पकडत नाही.

जावाच्या स्वतःच्या ग्रंथालयात दोन्ही प्रकारचे धडे आहेत. ‘स्ट्रिंग’ (मजकूर ठेवणारा क्लास) फायनल आहे. फाइलचा मार्ग तपासणाऱ्या कोडला एक उत्तर आणि फाइल उघडणाऱ्या कोडला दुसरे उत्तर देणारी बनावट स्ट्रिंग कुणी बनवू शकला असता, तर तपासणीला अर्थच राहिला नसता. ‘बिगइंटिजर’ आणि ‘बिगडेसिमल’ (मोठ्या संख्यांचे क्लास) मात्र फायनल नाहीत, आणि जुना कोड मोडेल म्हणून आता करताही येत नाहीत. त्यामुळे परक्या कोडकडून आलेला बिगइंटिजर विश्वासाने वापरण्याआधी तो खरोखर त्याच क्लासचा आहे का हे तपासावे, नसेल तर त्याची प्रत करून घ्यावी. ‘स्टॅक’ (फक्त वरूनच घटक घालायचे-काढायचे असा साठा) हा ‘व्हेक्टर’चा (यादीचा) सबक्लास आहे, म्हणून त्यात मधोमध घटक घुसवता येतो, मग तो स्टॅक कसला? ‘प्रॉपर्टीज’ (मजकुराच्या जोड्या ठेवणारा क्लास) हा ‘हॅशटेबल’चा सबक्लास, म्हणून त्यात स्ट्रिंग नसलेली किंमतही ठेवता येते आणि फाइलमध्ये लिहिण्याच्या वेळी ते फसते. दोन्ही ठिकाणी दुसरा ऑब्जेक्ट आत प्रायव्हेट फील्ड म्हणून ठेवून हव्या त्या मेथड तेवढ्या बाहेर दिल्या असत्या, तर हे घडले नसते. अभ्यासक्रमात स्टॅक शिकवताना हे पाच मिनिटांत सांगता येते.

बंद करण्याचे मार्ग फायनलपुरते नाहीत, हेही विद्यार्थ्यांना कळायला हवे. सारे कन्स्ट्रक्टर प्रायव्हेट ठेवून स्टॅटिक मेथडमधून ऑब्जेक्ट दिला, तर बाहेरच्या कुणालाही सबक्लास करता येत नाही. त्या क्लासच्या आतल्या क्लासना मात्र येतो. कन्स्ट्रक्टरला कुठलाही ॲक्सेस शब्द (पब्लिक, प्रोटेक्टेड, प्रायव्हेट) लावला नाही तर फक्त त्याच पॅकेजमध्ये (क्लासच्या गटात) सबक्लास होतो. मेथडचेही तसेच : ॲक्सेस शब्द नसलेली मेथड दुसऱ्या पॅकेजातला सबक्लास ओव्हरराइड करू शकत नाही, त्याने त्याच नावाची लिहिली तर ती वेगळी मेथड ठरते. प्रायव्हेट मेथड ओव्हरराइड होतच नाही. स्टॅटिक मेथड झाकली जाते, आणि तेही नको असेल तर तिच्यावर फायनल लावता येतो. सी शार्पमध्ये क्लासवर ‘सील्ड’ लावतात. तिथे बेसकडून आलेली व्हर्च्युअल मेथड एकदा ओव्हरराइड करून पुढच्या पिढ्यांसाठी बंद करायची असेल तर ‘सील्ड ओव्हरराइड’ लिहितात. कोटलिनमध्ये इथे पाय घसरतो : ओव्हरराइड केलेली मेथड उघडीच राहते, ती बंद करायला पुन्हा ‘फायनल’ लिहावे लागते.

मधला मार्ग म्हणजे मोजके सबक्लास, आणि तेही आपण सांगू तेवढेच. जावामध्ये सप्टेंबर २०२१ च्या १७व्या आवृत्तीत ‘सील्ड’ क्लास कायमचे आले. बेस क्लासवर ‘सील्ड’ लिहायचे आणि ‘परमिट्स’पुढे परवानगी असलेल्या सबक्लासची नावे द्यायची, सगळे एकाच फाइलमध्ये असतील तर यादी वगळली तरी चालते. ते सबक्लास त्याच मॉड्यूलमध्ये हवेत, मॉड्यूल वापरत नसाल तर त्याच पॅकेजमध्ये. आणि प्रत्येक सबक्लासने स्वतः फायनल, सील्ड की नॉन-सील्ड हे सांगितलेच पाहिजे, नाहीतर कंपाइल होत नाही. रेकॉर्ड (फक्त माहिती ठेवणारा क्लास) मुळातच फायनल असल्याने त्याला काही लिहावे लागत नाही.

याचा खरा लाभ २०२३ च्या २१व्या आवृत्तीतल्या स्विचबरोबर (प्रकारानुसार शाखा निवडणाऱ्या रचनेबरोबर) मिळतो. पुन्हा तिकिटाकडे या. एसटीत ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षांपुढच्या ज्येष्ठांना मोफत प्रवास आणि मार्च २०२३ पासून महिलांना निम्म्या भाड्याची सवलत सुरू झाली. सवलतींचे प्रकार सील्ड इंटरफेसखाली (कोणत्या मेथड हव्यात एवढेच सांगणाऱ्या कराराखाली) ठेवलेल्या प्रोग्रॅममध्ये असा नवा प्रकार घालताच रकमेचा हिशेब, तिकिटावरचा मजकूर, सवलतनिहाय अहवाल अशा ज्या ज्या ठिकाणी त्यावर स्विच आहे, ती प्रत्येक जागा कंपायलर दाखवतो आणि ती भरल्याशिवाय पुढे जाऊ देत नाही. मात्र त्या स्विचमध्ये ‘डिफॉल्ट’ (बाकी सगळ्यांसाठीची शाखा) लिहायचे नाही. ते लिहिले की कंपायलरला तक्रारीचे कारणच उरत नाही आणि नवी सवलत गुपचूप पूर्ण भाड्याच्या शाखेत पडू शकते. आणि फक्त सवलतींची जार फाइल (कंपाइल केलेल्या क्लासचा गठ्ठा) बदलून बाकीचा कोड पुन्हा कंपाइल केला नाही, तर चालताना ‘मॅच एक्सेप्शन’ येते. म्हणून दोन्ही एकत्रच कंपाइल करावे.

आता विरुद्ध बाजू, कारण सरसकट फायनल लावत सुटणाऱ्यांचेही नुकसान होते. स्प्रिंग या जावाच्या तयार चौकटीत डेटाबेस-व्यवहाराची मेथड ‘@ट्रान्झॅक्शनल’ असेल तर स्प्रिंग त्या क्लासचा सबक्लास चालत्या प्रोग्रॅममध्ये तयार करते आणि मेथड ओव्हरराइड करून तिच्याभोवती व्यवहार सुरू-बंद करते. २०१८ च्या स्प्रिंग बूट २.० पासून इंटरफेस असला तरी हाच मार्ग मुळात निवडला जातो. क्लास फायनल असेल तर प्रोग्रॅम सुरू होतानाच त्रुटी येते, ते बरे. पण क्लास उघडा आणि फक्त मेथड फायनल असेल तर ती ओव्हरराइड होत नाही, व्यवहार सुरूच होत नाही, आणि मेथड त्या बनवलेल्या सबक्लासच्या ऑब्जेक्टवर चालते. तो ऑब्जेक्ट सहसा कन्स्ट्रक्टर न चालवता तयार केलेला असतो, त्यामुळे त्यातली फील्डे नल असतात. कन्स्ट्रक्टरमध्ये व्यवस्थित भरलेली रिपॉझिटरी (डेटाबेसशी बोलणारा ऑब्जेक्ट) नल कशी, या कोड्यात नवशिके दिवसेंदिवस अडकतात. उत्तर त्या एका फायनल शब्दात असते. कोटलिनमध्ये तर सगळेच फायनल, म्हणून स्प्रिंगसाठी ‘कोटलिन-स्प्रिंग’ प्लगइन लावतात, जे ठरावीक ॲनोटेशनचे क्लास कंपाइल होताना उघडते. जेपीएचा (जावाच्या डेटाबेस-मानकाचा) नियमही स्पष्ट आहे : एंटिटी क्लास (डेटाबेसमधली नोंद दर्शवणारा) आणि त्याच्या मेथड फायनल नसाव्यात.

चाचण्यांची सबब मात्र आता चालत नाही. मॉकिटो या चाचणीच्या साधनाला पूर्वी फायनल क्लासचा नकली ऑब्जेक्ट बनवता येत नसे, म्हणून अनेक संघांनी फायनल काढून टाकले. दुसऱ्या आवृत्तीत ती सोय वेगळी चालू करावी लागे. जानेवारी २०२३ च्या पाचव्या आवृत्तीपासून ती आपोआप चालू असते. तरीही फायनल क्लासला इंटरफेस द्यावा आणि चाचणीत त्या इंटरफेसचा साधा पर्याय लिहावा, हेच आम्हाला जास्त योग्य वाटते.

वेगासाठी फायनल लावा, असे अजूनही काही नोट्समध्ये छापलेले असते. हॉटस्पॉट जेव्हीएम लोड झालेल्या क्लासची वंशावळ स्वतः पाहते. कुणी ओव्हरराइड केले नसेल तर थेट मेथड बसवते आणि नंतर तसा सबक्लास लोड झाला तर तो निर्णय मागे घेते. तिथे फायनलने मेथडचा वेग वाढेल ही अपेक्षा सोडावी. डॉटनेटमध्ये (सी शार्प जिच्यावर चालते त्या यंत्रणेत) सील्डमुळे टाइप तपासण्यासारखी काही कामे खरोखर हलकी होतात, आणि आतल्या वापराचे क्लास सील्ड करा अशी सूचना देणारा सीए१८५२ हा नियम तिथल्या कोड-विश्लेषकात आहे. पायथॉनमध्ये ३.८ पासूनचे ‘@फायनल’ फक्त टाइप तपासणारी साधने मानतात. चालत्या प्रोग्रॅममध्ये सबक्लास बिनदिक्कत तयार होतो. तो खरोखर अडवायचा तर ‘इनिट सबक्लास’ या खास मेथडमध्ये टाइपएरर फेकावी लागते.

अध्यापकांना आमची विनंती दोन गोष्टींची आहे. तोंडी परीक्षेत ‘फायनल म्हणजे काय’ ऐवजी वीस ओळींचा उघडा क्लास पुढे ठेवा आणि विचारा की यातली कोणती मेथड फायनल हवी, कोणती प्रोटेक्टेड, आणि का. आणि एक प्रात्यक्षिक घाला, दोन तासांत होते. ‘भाडे’ क्लासची पहिली आवृत्ती जार फाइल म्हणून द्या. विद्यार्थ्याने तिच्यावर वरचा १ रुपयाचा सबक्लास लिहून कंपाइल करावा आणि उत्तर नोंदवावे. मग जार बदलून दुसरी आवृत्ती द्या, जिच्यात ‘गटरक्कम’ ‘रक्कम’ला बोलावत नाही, सबक्लास पुन्हा कंपाइल न करता चालवून उत्तर नोंदवायला सांगा. तिसऱ्या जारमध्ये ‘भाडे’ फायनल असू द्या आणि येणारी त्रुटी वहीत जशीच्या तशी उतरवून घ्या. शेवटी विद्यार्थ्याने तोच १ रुपया सबक्लास न करता, ‘भाडे’चा ऑब्जेक्ट प्रायव्हेट फील्डमध्ये ठेवून लावावा आणि तो कोड तिन्ही जारांवर चालवावा. तिन्ही वेळा १०१० आले पाहिजेत. ज्याचे येणार नाहीत, त्याला कोडच्या कुठल्या ओळीत बेस क्लासच्या आतल्या रचनेवर भरवसा ठेवला ते शोधायला सांगा.

आपले,
संगणकशास्त्राचे काही अध्यापक व सॉफ्टवेअर अभियंते,
पुणे